डाव बरोबरीत सुटला, म्हणजे नेमके काय झाले?

मागच्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत राहणारी एक मुलगी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वडील मालवाहू ऑटो चालवतात, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. मुलगी बुद्धिबळ खेळते एवढे वस्तीला ठाऊक होते. किती चांगले खेळते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. विद्यापीठाच्या मुलींच्या संघासाठी आंतरमहाविद्यालयीन निवड स्पर्धा होती. शेवटच्या दिवशी वडिलांना लांबचे भाडे लागले, म्हणून तिच्यासोबत मी गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा वडील दारातच उभे होते.

"काय झालं वं पोरी? जितली का हारली?"

"बरोबरी झाली, बाबा."

"म्हंजे जितली नाही."

"हारली पण नाही न, बाबा. अर्धा गुण भेटला."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "भाऊ, दिवसभर बसून अर्धा गुण? अन् ह्या अर्ध्याचं करायचं काय?"

त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता, खरोखरचा होता. आपल्यापैकी बहुतेकांनी कुस्ती पाहिली, कबड्डी पाहिली. तिथे एक वर असतो आणि एक खाली. मग चार-चार तास बसून दोघांनी हात मिळवून उठायचे, हा कसला खेळ? त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांना जे सांगितले, तेच थोडे सविस्तर वाचकांपुढे ठेवत आहे. कारण आज आपल्या वस्त्यांतून बुद्धिबळ खेळणारी मुले-मुली निघत आहेत, आणि घरी आल्यावर त्यांना हाच प्रश्न विचारला जातो.

तीन तासांचा तो डाव

प्रथम त्या दिवशीचा डाव. समोरची मुलगी शहरातील एका मोठ्या महाविद्यालयाची होती. लहानपणापासून तिला शिकवणारे प्रशिक्षक होते आणि ते त्या दिवशीही बाहेर येऊन बसले होते. पांढरी मोहरी तिच्याकडे होती. आमच्या मुलीने सुरुवातीलाच एक प्यादे गमावले. पुढे दुसरेही गेले. तिसऱ्या तासाला पट जवळजवळ रिकामा झाला. समोरच्या मुलीकडे राजा, एक उंट आणि दोन प्यादी. आमच्या मुलीकडे राजा आणि एक घोडा.

तेवढ्यात आमच्या मुलीने घोडा पुढे घातला आणि तो देऊन दोनांपैकी एक प्यादे मारले. बघणारे हळहळले. आता तिच्याकडे एकटा राजा उरला होता आणि समोर राजा, उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतले एक प्यादे. ते प्यादे शेवटच्या घरात पोचले की वजीर होणार आणि सगळे संपणार, असेच सर्वांना वाटले.

पण तिने राजा सरळ त्या कोपऱ्यातल्या घराकडे पळवला आणि तिथे नेऊन बसवला. समोरच्या मुलीने वीस-पंचवीस खेळ्या प्रयत्न करून पाहिला. उंट इकडून आणला, तिकडून आणला. राजा कोपऱ्यातून हलेना. शेवटी तिने हात पुढे केला आणि डाव बरोबरीत सुटला.

बाहेर आल्यावर मी विचारले, "घोडा कशाला दिलास ग?" ती म्हणाली, "काका, कोपऱ्यातलं घर काळं होतं अन् तिचा उंट पांढऱ्या घरातला. तो उंट जन्मभर काळ्या घरावर येऊ शकत नाही. मग मला तिथून हाकलणार कोण?"

उंट तिरका चालतो, म्हणून ज्या रंगाच्या घरात तो जन्माला आला त्याच रंगाच्या घरांत त्याला फिरावे लागते. कडेच्या प्याद्याचे शेवटचे घर उंटाच्या रंगाचे नसेल आणि बचाव करणारा राजा त्या कोपऱ्यात आधी पोचला, तर एक उंट आणि एक प्यादे जास्त असूनही जिंकता येत नाही. जवळ जाऊन राजाला दाबले तर त्याची कोंडी होते, आणि शह नसताना झालेली कोंडी म्हणजे बरोबरी. हा बुद्धिबळातील जुना, ठरलेला धडा आहे. प्रशिक्षक नसलेल्या मुलीने तो वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकातून घोकला होता, आणि ऐन वेळी तोच तिच्या कामी आला. दैवाने तिला काही मिळाले नव्हते.

बरोबरी किती प्रकारची?

जिंकणाऱ्याला 1 गुण, हरणाऱ्याला 0 आणि बरोबरी झाली तर दोघांनाही अर्धा-अर्धा, हा आजचा जगभरचा हिशेब आहे. डाव बरोबरीत सुटण्याचे मुख्य पाच मार्ग आहेत. आपल्या मुलांना ते पाठ असतात. आपणही समजून घ्यावेत.

पहिला मार्ग कोंडीचा. ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण नियमाने खेळता येईल अशी एकही खेळी उरलेली नाही. अशा वेळी डाव तिथेच बरोबरीत संपतो. दुसरा मार्ग अपुऱ्या सैन्याचा. दोन्हीकडे फक्त राजे उरले, किंवा एकीकडे राजासोबत केवळ एक उंट वा एक घोडा उरला, तर मात करणे शक्यच नसते. तिसरा मार्ग त्याच त्या स्थितीचा. पटावर तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना, तिसऱ्यांदा आली तर खेळाडू पंचांकडे बरोबरी मागू शकतो. चौथा मार्ग पन्नास खेळ्यांचा. दोन्ही बाजूंच्या सलग पन्नास-पन्नास खेळ्यांत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मोहरे मारले गेले नाही, तरीही बरोबरी मागता येते. पाचवा मार्ग आपसातील संमतीचा. आपली खेळी करायची, मग प्रस्ताव ठेवायचा आणि घड्याळ दाबायचे. समोरच्याने मान्य केले तर हात मिळवायचा, नाही तर खेळ पुढे चालू.

यातला तिसरा आणि चौथा मार्ग नीट पाहा. तिथे बरोबरी आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. (स्थिती पाच वेळा आली किंवा पंचाहत्तर-पंचाहत्तर खेळ्या झाल्या, तरच ती आपोआप होते.) मागायची तर पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे खेळाडूने स्वतःच्या हाताने लिहिलेला खेळ्यांचा कागद. ज्याने नोंद नीट ठेवली त्याचे म्हणणे पंच ऐकतो. ज्याने कंटाळा केला, त्याचे खरे असले तरी ते सिद्ध व्हायला अवघड जाते. फाईल-रजिस्टरमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला हे लगेच पटले. आपला हक्क आपल्याला ठाऊक पाहिजे, तो वेळेवर मागता आला पाहिजे आणि हातात कागद पाहिजे. हे पटावर जितके खरे आहे, तितकेच तहसील कचेरीतही खरे आहे.

वस्तीतली म्हातारी माणसे ओट्यावर जो खेळ खेळत, तो देशी पद्धतीचा. एम्प्रेस मिलची पाळी सुटली की झाडाखाली पट मांडला जाई, असे जुनी माणसे सांगतात. त्या खेळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याला ते ज्या पट्टीत पोचले त्या पट्टीच्या मोहऱ्याचा मान मिळतो. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाऊ शकते, आणि शेवटच्या घरात पोचलेले कोणत्याही पट्टीतले प्यादे वजीर होऊ शकते. म्हणून आजोबांकडून खेळ शिकलेल्या मुलांनी स्पर्धेला जाण्यापूर्वी हा फरक समजून घेतलाच पाहिजे.

नागपूरच्या मुलीचे तीन अर्धे गुण

आता अर्ध्या गुणाचे करायचे काय, या प्रश्नाचे सर्वात मोठे उत्तर आपल्याच शहराने दिले आहे.

जुलै 2025 मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी शहरात महिलांच्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. दोन्ही खेळाडू भारतीय होत्या. एका बाजूला आंध्र प्रदेशाच्या कोनेरू हम्पी, वय 38. त्या 2002 सालीच, पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाल्या होत्या आणि जलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद त्यांनी 2019 व 2024 असे दोनदा मिळवले होते. दुसऱ्या बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, वय 19. तोपर्यंत तिच्याकडे ग्रँडमास्टर किताब नव्हता. त्यासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या खात्यात नव्हता.

26 जुलैला पहिला डाव झाला; बरोबरी. 27 जुलैला दुसरा डाव, पुन्हा बरोबरी. 28 जुलैला जलद डाव सुरू झाले. पहिला जलद डावही बरोबरीतच सुटला. दीड-दीड गुण झाले. मग दुसऱ्या जलद डावात वेळ संपत आलेली असताना हम्पींच्या हातून चूक झाली आणि काळी मोहरी घेऊन खेळणारी दिव्या जिंकली. अंतिम गुणसंख्या अडीच विरुद्ध दीड. त्या एका विजयाने ती विश्वचषक विजेती झाली आणि थेट भारताची 88वी ग्रँडमास्टरही झाली. भारतीय महिलांमध्ये हा किताब मिळवणारी ती चौथी. तिच्या आधी हम्पी, हरिका द्रोणवल्ली आणि वैशाली या तिघीच होत्या. डाव संपल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते चित्र सर्वांनी पाहिले.

आता हिशेब मांडा. दिव्याच्या अडीच गुणांपैकी एक गुण विजयाचा. उरलेला दीड गुण तीन बरोबऱ्यांचा. त्या तीन डावांत ती अनुभवी खेळाडूपुढे टिकून राहिली, म्हणून चौथा डाव खेळण्याची वेळ आली. त्यांतला जलद डाव जरी हरली असती, तरी चौथ्या डावातल्या विजयाने तिला फक्त हम्पींच्या बरोबरीला आणले असते.

दिव्या एकटी नाही. 2019 मध्ये रौनक साधवानी आणि 2021 मध्ये संकल्प गुप्ता हे नागपूरचे दोन तरुण ग्रँडमास्टर झाले. संत्र्यांच्या या शहराला आता बुद्धिबळाचे शहर म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

जगज्जेतेही असेच जिंकतात

डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला चेन्नईचा डी. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. चीनच्या डिंग लिरेनविरुद्ध चौदा डाव झाले. त्यांतले तीन गुकेशने जिंकले, दोन डिंगने, आणि उरलेले नऊ बरोबरीत सुटले. गुकेशच्या साडेसात गुणांपैकी साडेचार गुण बरोबरीचेच होते. 2018 मध्ये मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्यातील जगज्जेतेपदाचे नियमित बाराही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर लागला. 1984 मध्ये मॉस्कोत सुरू झालेल्या कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामन्याचे तर 48 डाव झाले. त्यांपैकी 40 बरोबरीत सुटले आणि अखेर 1985 मध्ये सामना निकालाविनाच थांबवावा लागला.

याच्याही आधीची एक गोष्ट आपल्या घराघरात सांगण्यासारखी आहे. मीर सुलतान खान हे पंजाबातील एका खेड्यातले. सर उमर हयात खान या मोठ्या जमीनदाराच्या पदरी ते होते आणि त्यांच्यासोबतच इंग्लंडला गेले. देशी पद्धतीचा खेळ खेळलेल्या या माणसाने युरोपीय नियम शिकून घेतले आणि 1929, 1932 व 1933 असे तीन वेळा ब्रिटिश विजेतेपद पटकावले. 1931 मध्ये प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये त्यांची गाठ तेव्हाचे जगज्जेते अलेखिन यांच्याशी पडली. तो डाव बरोबरीत सुटला.

विचार करा. मालकाच्या मर्जीवर ज्याचे जाणे-येणे अवलंबून होते, असा माणूस जगज्जेत्यासमोर बसतो आणि तो जगज्जेता त्याला हरवू शकत नाही. त्या कागदावर दोघांच्या नावापुढे सारखाच अर्धा गुण लिहिला गेला. पुढे सुलतान खान गावी परतले आणि 1966 मध्ये वारले. त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो 2024 साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. नोंद होती, म्हणून उशिरा का होईना, न्याय झाला.

बरोबरी हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. पाणवठ्यापासून शाळेच्या बाकापर्यंत आपल्या वाडवडिलांनी तोच मागितला. पटाचे एक बरे आहे. तिथे मोहरी मोजून सारखी मिळतात, घड्याळ सारखे मिळते आणि समोरच्याचे आडनाव प्याद्याला कळत नाही. पण पटापर्यंत पोचण्याची वाट सारखी नाही, हेही तितकेच खरे. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. आपल्या मुलीला स्पर्धेचे प्रवेश शुल्क भरायला आईचा पगार होण्याची वाट पाहावी लागते. हा फरक झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय शोधण्यात अर्थ आहे.

प्रत्येक बरोबरी चांगली नसते

इथे एक सावधगिरीचा शब्दही सांगितला पाहिजे. काही खेळाडू समोरच्याचे मोठे नाव पाहूनच दहा-बारा खेळ्यांत बरोबरी मागतात. दोघे मिळून ठरवतात, अर्धा-अर्धा गुण वाटून घेतात आणि चहाला जातात. ही लढून मिळवलेली बरोबरी नव्हे. म्हणूनच 2005 साली बल्गेरियातील सोफिया येथील स्पर्धेत खेळाडूंनी आपसात बरोबरी ठरवण्यास बंदी घातली गेली, आणि पुढे अनेक स्पर्धांनी तसे नियम केले. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावे, की भीतीपोटी हात पुढे करू नका. पण डाव खरोखर समसमान असेल, किंवा तो हरत आलेला असेल आणि तुम्ही तो सावरला असेल, तर अर्धा गुण घेताना मान खाली घालू नका.

पालकांनी काय करावे?

महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूसाठी वाट अशी आहे. प्रथम महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि मग इतर विद्यापीठांशी होणाऱ्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. आपले नागपूर विद्यापीठ 1923 साली स्थापन झाले. आज त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. देशभरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विद्यमाने होतात. मुलगा-मुलगी महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच महिन्यात शारीरिक शिक्षण विभागाच्या प्राध्यापकांना भेटावे आणि निवड चाचणीची तारीख विचारून घ्यावी. पुष्कळ मुलांची संधी खेळ कमी पडल्याने जात नाही. सूचना फलक न वाचल्याने जाते.

दुसरे म्हणजे, खेळ्यांचा कागद जपून ठेवावा. हरलेल्या डावाचा तर जास्त जपावा. रविवारी तो पुन्हा मांडून पाहिला की चूक सापडते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. तिसरे, वस्तीच्या वाचनालयात एक पट, मोहऱ्यांचा एक संच, एक घड्याळ आणि शेवटच्या डावांवरची एक-दोन पुस्तके ठेवावीत. एखाद्या कार्यक्रमातील हारतुऱ्यांच्या खर्चात एवढे सहज बसते. आणि चौथे, मुलगी संध्याकाळी घरी आली तर "जितली का हारली" एवढेच विचारू नये. "आज काय झालं ते मांडून दाखव" असे म्हणावे. आपल्याला खेळ कळला नाही तरी चालेल. आपण बसून पाहतो आहोत, हे तिला कळले की पुरे.

आता त्या दिवशीच्या अर्ध्या गुणाचे काय झाले ते सांगतो. आठवड्याने यादी लागली. संघात जेवढी नावे होती, त्यांत तिचे नाव सर्वात शेवटी होते, बदली खेळाडू म्हणून. तिच्या खालची मुलगी बरोबर अर्ध्या गुणाने मागे राहिली होती. वडिलांनी यादीवर बोट ठेवून दोनदा वाचले. मग मला म्हणाले, "भाऊ, म्हंजे त्या कोपऱ्यात ते राजा बसला नसता, तं नाव नसतंच आलं न?"

"नसतं आलं," मी म्हणालो.

त्या रात्री ऑटो लावून ते ओट्यावर आले, पट मागवला आणि मुलीला म्हणाले, "ये वं, मला तो कोपरा दाखव."